वाळा (खस): ओळख, उपयोग आणि लागवड – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळा म्हणजे नक्की कोणतं गवत?

माठात टाकतात ती सुगंधी तपकिरी मुळं ज्या गवताची, ते गवत. संस्कृतात उशीर, हिंदीत खस, मल्याळममध्ये रामच्चम. तमिळमधल्या 'वेट्टिवेर' या नावाचा अर्थ 'खणून काढलेलं मूळ' आणि तेच नाव पुढे 'व्हेटिव्हर' होऊन जगभर गेलं. शास्त्रीय नाव क्रायसोपोगॉन झिझानिऑइडिस. जुन्या पुस्तकांत ते व्हेटिव्हेरिया झिझानिऑइडिस असं सापडेल. वनस्पती एकच आहे.

हे बहुवर्षायू गवत आहे. एकदा लावलेलं ठोंब वर्षानुवर्षं जागच्या जागी राहतं. पानं साधारण पाऊण ते एक मीटर लांब, अरुंद आणि कडेला चरचरीत असतात. फुलोऱ्याचे दांडे मात्र दीड ते अडीच मीटर उंच जातात. त्यांवर पावसाळ्याच्या शेवटी जांभळट तुरे येतात.

गवती चहा, रोशा गवत आणि वाळा यांत गल्लत होते. फरक कसा ओळखायचा?

पान चुरगळून वास घ्या. गवती चहाला लिंबासारखा वास येतो, रोशाला गुलाबाकडे झुकणारा गोडसर. वाळ्याच्या पानाला काहीच वास नसतो, त्याचा सगळा सुगंध मुळांत असतो. दुसरी खूण बुंध्याची. वाळ्याचा फुटवा तळाशी चपटा असतो आणि पानांचे देठ पंख्यासारखे एकमेकांत बसलेले दिसतात. बोटांत धरला की गोल लागत नाही. तरीही खात्री नसेल तर ठोंबाच्या कडेचं एक मूळ उपटा, धुवा आणि थोडं चिरडून हुंगा.

नर्सरीतून रोपं घेताना ही तपासणी टाळू नका. बांधासाठी म्हणून भलतंच गवत माथी मारलं जाण्याचे प्रकार होतात आणि ते कळेपर्यंत एक पावसाळा हातचा गेलेला असतो.

'काळा वाळा' ही याचीच जात का?

नाही. काष्ठौषधींच्या दुकानात काळा वाळा म्हणून मिळतं ते जास्वंदीच्या कुळातल्या एका झुडपाचं मूळ. आयुर्वेदात त्याला ह्रीबेर किंवा उदीच्य म्हणतात. षडंगोदक या सहा औषधींच्या काढ्यात उशीर आणि उदीच्य ही दोन्ही द्रव्यं वेगवेगळी सांगितली आहेत. त्यामुळे यादीत दोन्ही असतील तर एकावर भागवू नका.

खस आणि खसखस?

काही संबंध नाही. खसखस हे अफूच्या बोंडातलं बी. नाव सारखं, एवढंच.

हे गवत रानात कुठे उगवतं?

नदीकाठ, नाल्यांचे काठ, तळ्यांच्या कडा, पावसाळ्यात पाणी साचणारी सखल कुरणं. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात आणि उत्तर प्रदेशातल्या नदीखोऱ्यांत वन्य वाळ्याची मोठी कुरणं आहेत. ओलीत वाढणारं असूनही ते दुष्काळ सोसतं, कारण मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात. भुसभुशीत, खोल जमिनीत ती पहिल्याच वर्षात ३ मीटरपर्यंत उतरू शकतात. क्षार, आम्ल, चोपण जमीन, आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहणं हे सगळं त्याला चालतं. सावली मात्र चालत नाही. आंब्याच्या किंवा काजूच्या दाट सावलीत नवीन लावलेली रोपं जगली तरी फुटवे धरत नाहीत.

भारतात याचे ढोबळ दोन प्रकार आहेत आणि पुढची बरीच उत्तरं या फरकावर अवलंबून आहेत. उत्तरेकडच्या रानटी प्रकाराला रुजणारं बी धरतं. दक्षिणेकडे पिढ्यान्‌पिढ्या लागवडीत असलेल्या प्रकाराला फुलोरा आला तरी बी सहसा रुजत नाही, तो फुटव्यांवरच वाढतो. दोन्हींच्या मुळांतून निघणाऱ्या तेलाचा वासही वेगळा असतो.

मला बांधही पक्का करायचा आहे आणि मुळंही विकायची आहेत. दोन्ही जमेल?

एकाच ओळीतून जमणार नाही. बांधावरचा वाळा काम करतो तो मुळं जमिनीत राहतात म्हणून. ती काढायला दीड-दोन फूट माती उकरावी लागते. म्हणजे ज्या जागेची धूप थांबवायची होती तीच जागा तुम्ही पावसाळ्याआधी मोकळी करता. नदीकाठचा रानटी वाळा खणणाऱ्यांनी किती काठ ढासळवले आहेत ते पाहिलं की हे लगेच पटतं. (शिवाय वनजमिनीतून खणायचा तर वन विभागाची परवानगी लागते.)

लागवडीआधी हेतू ठरवा. बांधासाठी दक्षिणी, बी न रुजणारा प्रकार घ्या आणि त्याची मुळं विसरून जा. तेलासाठी सपाट, हलकी जमीन आणि सुधारित वाण घ्या. दोन्ही हवं असेल तर दोन वेगळे तुकडे ठेवा.

बांधावर किंवा उतारावर कसा लावायचा?

आधी समतल रेषा (एकाच उंचीवरून जाणारी) काढा. ए-फ्रेम (A आकाराची लाकडी चौकट) किंवा पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घेतली तरी पुरते, नजरेच्या अंदाजावर मात्र जाऊ नका. दोन ओळींमधला उभा फरक १ मीटर धरला तर ५ टक्के उतारावर ओळी २० मीटरवर येतात, २ टक्के उतारावर ५० मीटरवर.

ओळीत १० ते १५ सेंटिमीटरवर लावा, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन फुटवे एकत्र. १५ सेंटिमीटर अंतराने १०० मीटरच्या ओळीला सुमारे ६७० जागा होतात, म्हणजे साधारण १,३०० ते २,००० फुटवे. विकत घेतले तर हा आकडा अंगावर येतो. त्यामुळे एक वर्ष आधी आपल्याच शेतात ओलीताखाली छोटी रोपवाटिका करा. पाणी मिळालेल्या एका ठोंबातून वर्षभरात वीस-तीस फुटवे सहज निघतात.

फुटवे तयार करताना ठोंब कुदळीने अख्खं काढा आणि हाताने किंवा कोयत्याने फोडा. पानं बुडापासून २० सेंटिमीटरवर आणि मुळं ५ ते १० सेंटिमीटरवर छाटा. मधलं जुनं, वाळकं खोड फेकून द्या, कडेचे कोवळे फुटवे ठेवा. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवले तर दोन-तीन दिवस टिकतात. उन्हात उघडे पडले तर अर्धा दिवसही नाही.

लावायची वेळ म्हणजे दोन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर भिजल्यानंतर. पहिल्या वळवावर घाई केली आणि पुढे पंधरा दिवस उघडीप पडली की निम्मी ओळ मरते. चर काढा, थोडं शेणखत आणि डीएपी मातीत मिसळा, फुटवे सरळ ठेवा आणि पायाने घट्ट दाबा. मुळांभोवती पोकळी राहिली तर फुटवा वरून हिरवा दिसतो आणि महिन्याने वाळतो.

आमच्याकडे बांधावर वाळा लावला, पण पाणी तसंच वाहून जातं. काय चुकलं?

बहुतेक वेळा नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरलेल्या नसतात. ओळीत एखाद्या हाताएवढं खिंडार राहिलं की अडलेलं सगळं पाणी तिथूनच जोराने घुसतं आणि तिथे ओहोळ पडतो. तुटक ओळ ही ओळ नसण्यापेक्षा वाईट. लावल्यानंतर महिन्याभरात नांग्या भरा आणि दुसऱ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा एकदा भरा. यासाठी एकूण गरजेच्या १० ते १५ टक्के फुटवे रोपवाटिकेत राखून ठेवावेत.

दुसरं कारण घाई. दाट कुंपण तयार व्हायला दोन ते तीन पावसाळे लागतात. तिसरं, ओळ समतल नसणं. जरा तिरकी गेली तरी पाणी तिच्या कडेकडेने खालच्या टोकाला जमा होतं आणि तिथे बांध फोडतं. चौथं कारण म्हणजे कापणीच न करणं. पावसाळ्याआधी आणि नंतर ३० ते ५० सेंटिमीटरवर छाटल्याशिवाय ठोंब आडवं भरत नाही. छाटलेली पानं ओळीच्या वरच्या अंगाला टाका. गाळ तिथेच धरला जातो आणि काही वर्षांत नैसर्गिक ताल (मातीची पायरी) तयार होते.

अशा कुंपणांची पद्धत नवी नाही. कर्नाटकात गुंडलुपेटच्या परिसरात शेतांच्या हद्दीवर वाळा लावायची चाल जुनी आहे. १९८० च्या दशकात जागतिक बँकेने भारतातल्या पाणलोट प्रकल्पांमधून तिचा प्रसार सुरू केला आणि नंतर थायलंडने ती देशभर राबवली.

पिकाचं पाणी आणि खत हे गवत ओढून घेत नाही का?

अगदी लागून असलेल्या एका सरीवर थोडा परिणाम दिसू शकतो, त्यापलीकडे नाही. मुळं खाली जातात, पिकाच्या बाजूला पसरत नाहीत. तरीही कांदा किंवा लसूण असेल तर ओळीपासून दोन-अडीच फूट सोडा. सावली पडू नये म्हणून छाटणी वेळेवर करणं जास्त महत्त्वाचं.

कोकणात घरामागे दरड आहे. वाळा लावला तर ती थांबेल का?

वरची माती धुपून येत असेल, पावसाच्या पाण्याने चर पडत असतील, पातळ थर सुटत असेल, तर वाळा उत्तम. त्याच्या मुळांची ताणशक्ती सौम्य पोलादाच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकी मोजली गेली आहे. अशी हजारो मुळं उतारात उभी शिवण घालतात. कोकण रेल्वेनेही डोंगर कापलेल्या उतारांवर वाळा लावला आहे.

पण मुळं धरतात ती वरच्या दोन-तीन मीटरची माती. डोंगराचा खोल भाग सरकत असेल, घराच्या वर जमिनीला भेगा पडल्या असतील, झाडं किंवा खांब तिरके झाले असतील, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं असेल, तर गवताच्या भरवशावर राहू नका. तिथे आधी पाण्याचा निचरा, भूगर्भतज्ज्ञाची पाहणी, गरज पडल्यास आधारभिंत आणि पावसाळ्यात घर रिकामं करणं, हे उपाय. उघड्या जांभ्याच्या कातळातही लावण्यात अर्थ नाही, मुळं शिरायला माती हवी. दरडीवर ओळी शेतापेक्षा जवळ घ्या, उभा फरक १ मीटरपेक्षा जास्त नको आणि पहिल्या पावसाळ्यात गोणपाट किंवा काथ्याची जाळी अंथरून माती धरून ठेवा.

तेलासाठी लागवड करायची तर जमीन कशी हवी?

वाळूमिश्रित पोयट्याची, खोल आणि निचऱ्याची. भारी काळ्या जमिनीत पीक जोमदार येतं पण मुळं निघत नाहीत. उन्हाळ्यात माती दगडासारखी होते, ओली असताना चिकटते आणि दोन्ही वेळा मुळं मध्येच तुटतात. तुटून राहिलेलं मूळ म्हणजे राहिलेलं तेल. मुरमाड जमिनीत मुळं वेडीवाकडी आणि आखूड येतात. काळ्या जमिनीत करायचंच असेल तर उंच गादीवाफे काढा.

वाण लखनौच्या सीमॅप (केंद्रीय औषधी आणि सुगंधी वनस्पती संस्था) या संस्थेचे घ्यावेत. केएस-१, धारिणी, केसरी, गुलाबी हे जुने, तर सिम-वृद्धी आणि सिम-समृद्धी हे नंतरचे. फुटवे शक्यतो संस्थेकडून किंवा संस्थेने दिलेल्या मूळ साठ्यातूनच घ्या. वाळ्याचं शेत पाहून वाण सांगता येत नाही, आणि तेलाचा दर्जा कळतो थेट भट्टीवर.

अंतर, खत, पाणी?

६० × ३० सेंटिमीटर. एकरी सुमारे २२,००० फुटवे लागतात. जून-जुलैत लावा, ओलीत असेल तर फेब्रुवारीतही चालतं. हेक्टरी १० टन शेणखत आणि ६० किलोच्या आसपास नत्र दोन-तीन हप्त्यांत द्या. नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि मुळं मागे राहतात. पाऊस संपल्यावर हलक्या जमिनीत तीन-चार आठवड्यांनी पाणी पुरतं. पहिले तीन महिने तण काढणं चुकवू नका, त्यानंतर पीकच तण दाबतं. पहिल्या हंगामात मधल्या पट्ट्यांत मूग किंवा चवळी निघते.

फुलोरा आला की दांडे छाटून टाका, विशेषतः बी धरणाऱ्या वाणांत. शेजाऱ्याच्या पाटात रोपं उगवली तर तो तुम्हालाच विचारणार.

मुळं कधी आणि कशी काढायची?

नव्या वाणांची १२ महिन्यांनी, जुन्या आणि दक्षिणी प्रकारांची १५ ते १८ महिन्यांनी, डिसेंबर ते फेब्रुवारीत. लवकर काढलं तर तेल कमी आणि हिरवट वासाचं येतं. फार उशीर झाला तर मुळं जाड, लाकडासारखी होतात आणि खणणावळ वाढते.

आधी पाला बुडापासून ३० सेंटिमीटरवर कापा, हलकं पाणी देऊन वापसा येऊ द्या आणि मग खणा. एकूण खर्चातला सगळ्यात मोठा वाटा इथे जातो. ट्रॅक्टरचा खोल नांगर किंवा खोदाई यंत्र वापरलं तर मजुरी वाचते, पण बारीक मुळं वेचायला माणसं लागतातच. कडेचे चांगले फुटवे त्याच दिवशी पुढच्या लागवडीसाठी वेगळे करा. मुळं धुऊन सावलीत वाळवा. कडक उन्हात वाळवली तर तेल उडून जातं.

तेल किती निघतं?

चांगल्या जमिनीत, चांगल्या वाणाचं हेक्टरी १५ ते २५ किलो, म्हणजे एकरी ६ ते १० किलो. यापेक्षा भरपूर मोठे आकडे सांगून रोपं विकणारे भेटतात. त्यांना एकच प्रश्न विचारा: मुळं किती टन आणि तेलाचा उतारा किती टक्के? वाळलेल्या १०० किलो मुळांतून साधारण अर्धा ते एक किलो तेल येतं. उत्तर या गणितात बसत नसेल तर व्यवहार करू नका.

आधी भट्टी शोधा, मग लागवड करा. गवती चहाच्या भट्टीत वाळा चालतो, पण वेळेचं गणित वेगळं आहे. वाळ्याच्या तेलातले घटक जड असतात आणि सावकाश वर येतात. मुळांचे अडीच ते पाच सेंटिमीटरचे तुकडे करून, रात्रभर भिजवून १६ ते २४ तास वाफ द्यावी लागते. इंधन वाचवायला आठ-दहा तासांत भट्टी बंद केली तर शेवटी येणारा जड, टिकाऊ वासाचा भाग मुळांतच राहतो, आणि अत्तरवाल्याला तोच हवा असतो. शिवाय या तेलाची घनता पाण्याच्या जवळपास असल्याने ते चटकन वेगळं होत नाही. विभाजकात (तेल आणि पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यात) घाई केली तर तेल पाण्याबरोबर जातं.

कनौजचं 'रूह खस' (वाळ्याचं तेल) हिरवं का असतं?

तांब्याच्या डेगेमुळे. कनौजचे गंधी ते डेग-भपक्याच्या (तांब्याचं भांडं आणि वाफ गोळा करणारं पात्र) पद्धतीने काढतात, त्यात तांब्याशी संयोग होऊन हिरवी छटा येते. स्टीलच्या भट्टीतलं तेल पिवळसर ते तपकिरी असतं. त्यामुळे केवळ हिरव्या रंगावरून शुद्धता ठरवू नका, रंग घालणं कुणालाही जमतं.

कीड-रोग कोणते?

फारसे नाहीत. हलक्या जमिनीत हुमणी (मातीतली अळी) मुळं कुरतडते. तिथे कच्चं शेणखत वापरू नका. वाळवी दिसते ती ठोंबाच्या मधल्या मेलेल्या खोडावर, जिवंत मुळांवर नाही. दमट हवेत पानांवर करपा येतो, छाटणी केली की जातो. मक्यावरच्या खोडकिडीचा पतंग वाळ्यावर आवडीने अंडी घालतो, पण त्याच्या अळ्या तिथे जगत नाहीत. म्हणून मक्याच्या कडेने वाळ्याची ओळ सापळा म्हणून लावतात.

जनावरं खातात का?

कोवळी फूट खातात, जून पाला टाळतात. वैरण म्हणून लावायचं गवत हे नव्हे. पहिल्या वर्षी मात्र शेळ्या आणि मोकाट गुरं आवरा. नवी रोपं ती खातात त्यापेक्षा उपटतात जास्त. जून पाला छपरासाठी आणि आच्छादनासाठी चांगला, लवकर कुजत नाही.

वाळ्याचे पडदे खरंच गारवा देतात?

हवा कोरडी असेल तर. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात एप्रिल-मेच्या लूमध्ये वारा येणाऱ्या दारा-खिडकीला ताटी लावून पाणी शिंपडत राहिलं की फरक लगेच जाणवतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, तिथे मिळेल तो फक्त सुगंध. ताटी सतत ओली राहिली तर बुरशी धरते. रात्री कोरडी होऊ द्या आणि हंगाम संपल्यावर कडकडीत वाळवून गुंडाळून ठेवा. बोअरच्या जड पाण्याने मुळांवर पांढरे क्षार साचतात आणि वास दबतो.

माठात किती वाळा टाकावा?

१० लिटरच्या माठाला १५-२० ग्रॅमची जुडी. आधी दोन-तीन पाण्यांत धुवा, मुळांच्या बेचक्यात बारीक माती असते. सुती कापडात बांधून टाका, तीन-चार दिवसांनी काढून उन्हात वाळवा आणि पुन्हा वापरा. तीन-चार खेपांनंतर वास संपतो. भिजवल्यावर मुळांचा वास खुलायला हवा. नुसता मातीचा येत असेल तर ती तेल काढून घेतलेली मुळं आहेत.

सरबत घरी कसं करायचं?

५० ग्रॅम स्वच्छ मुळं बारीक कापून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा, खळखळून उकळू नका, सुगंध वाफेबरोबर जातो. दुहेरी मलमलीतून गाळा आणि तासभर न हलवता ठेवा, म्हणजे तळाला बसलेली माती टाकता येते. वरचं पाणी मोजा, दर ७५० मिलिलिटरला १ किलो साखर घालून पाक करा आणि शेवटी एका लिंबाचा रस. रंग फिकट तपकिरी येईल. बाजारातला गडद हिरवा हा खाद्यरंग असतो.

लावलेला वाळा काढून टाकायचा झाला तर?

सोपं आहे. त्याला हरळीसारखे जमिनीखाली धावणारे कोंब नसतात. ठोंब जमिनीखाली २० सेंटिमीटरवर, म्हणजे बुडख्यासकट छाटून काढलं की खालची मुळं पुन्हा फुटत नाहीत. काढलेला बुडखा मात्र ओल्या जागी टाकू नका, तिथे तो परत जीव धरतो.